अग्रक्रमाविषयी हरकत घ्यावी काय?

इंग्लंडात कौन्सिलच्या घरासाठी अर्ज केलेल्या कुटुंबाला काही आठवड्यांनी एक पत्र येते. अर्ज नोंदला गेला आहे असे त्यात लिहिलेले असते आणि त्याखाली एक अक्षर असते: बँड 'ए', 'बी', 'सी' अथवा 'डी'. काही नगरांत अक्षराऐवजी गुण देतात. पत्र लहानसे, भाषा सौजन्याची. परंतु त्या एका अक्षरावर कुटुंबाची पुढील कित्येक वर्षे ठरून जातात. वरचे अक्षर मिळाले तर काही महिन्यांत घर मिळण्याची आशा धरावी. खालचे मिळाले तर मुले त्याच खोलीत लहानाची मोठी होऊन आपापल्या वाटेने निघून जाईपर्यंत थांबावे लागण्याचा संभव. पत्राच्या अखेरीस बहुधा आणखी एक वाक्य असते, की हा निर्णय मान्य नसल्यास अमुक दिवसांत फेरविचाराची मागणी करता येईल.

ही मागणी करावी की करू नये? प्रश्न वरवर पाहता वकिलाचा आहे. मला मात्र त्याच्या मुळाशी विवेकबुद्धीचा एक पेच दिसतो, आणि त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

विषय आपल्या वाचकांना अगदीच परका नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळू शकत असल्याने त्या पारपत्रावर हजारो गोवेकर इंग्लंडात गेले. स्विंडनसारख्या गावात तर त्यांची वस्तीच उभी राहिली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ३१ डिसेंबर २०२० रोजी ही मुक्त ये-जा थांबली. त्यापूर्वी पोहोचलेल्यांपैकी ज्यांना कायम वास्तव्याचा दर्जा मिळाला, त्यांना कौन्सिलच्या घरासाठी अर्ज करता येतो. साध्या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याला सहसा तो हक्क नसतो. म्हणजे वर वर्णिलेले पत्र आपल्याच कुणा भावाबहिणीच्या दारात पडत असणार, आणि त्यातील इंग्रजी वाचून दाखविण्याचे काम बहुधा घरातील शाळकरी मुलीकडे येत असणार.

सालस माणसाच्या मनात अशा वेळी पहिला विचार येतो तो असा. घरे मोजकी आहेत. माझे नाव वर चढले की कुणाचे तरी खाली उतरणार. तो कोण, हे मला ठाऊक नाही. कदाचित माझ्याहून अधिक गांजलेला असेल. 'मला पुढे घ्या' असे म्हणणे म्हणजे न पाहिलेल्या शेजाऱ्याच्या ताटातले ओढून घेणे नव्हे काय? कौन्सिलने सगळ्यांचे कागद पाहिले आहेत, मी केवळ माझेच पाहिले आहेत; तेव्हा मिळाले ते मानून घ्यावे, हेच बरे.

हा आक्षेप हलका मानू नये. 'ज्याचे त्याने पाहावे' असे म्हणून तो झटकून टाकणारे लोक मला आवडत नाहीत. त्यात दुसऱ्याची जाणीव आहे आणि स्वतःच्या दुःखाला जगातील सर्वांत मोठे दुःख न समजण्याचा संयम आहे. तरीही तो आक्षेप चुकीचा आहे असे माझे मत आहे. का, ते सांगण्यासाठी थोडी माहिती आधी द्यावी लागेल.

घरे मोजकी का, याचे उत्तर थोडक्यात असे. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली इंग्लंडात जो गृहनिर्माण कायदा झाला त्याने कौन्सिलांना मोठ्या प्रमाणावर घरे बांधावयास लावले. दुसऱ्या महायुद्धानंतर या कामाला आणखी वेग आला. मग १९८० साली भाडेकरूंना आपले कौन्सिलचे घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला. त्यानंतर इंग्लंडात सुमारे वीस लाख घरे अशी विकली गेली आणि त्यांच्या जागी तितकी नवी काही उभी राहिली नाहीत. ज्यांनी घरे घेतली त्यांचे भले झाले. त्यांना दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. पण २०२४ साली इंग्लंडातील कौन्सिलांच्या प्रतीक्षायाद्यांवर सुमारे तेरा लाख कुटुंबे होती. म्हणजे जो तो आपल्या शेजाऱ्याला आपला प्रतिस्पर्धी समजतो आहे, ती परिस्थिती शेजाऱ्याने निर्माण केलेली नाही. ती गेल्या चार-पाच दशकांच्या निर्णयांनी निर्माण झाली आहे.

आता या याद्या लागतात कशा? १९९६ च्या गृहनिर्माण कायद्याने कौन्सिलांना सांगितले आहे की काही प्रकारच्या लोकांना 'वाजवी प्राधान्य' द्यावे. बेघर माणसे, दाटीवाटीच्या, आरोग्यास अपायकारक किंवा अन्यथा असमाधानकारक घरांत राहणारी माणसे, आजारपण, अपंगत्व वा तशाच कारणांमुळे घर बदलण्याची गरज असलेली माणसे, आणि ठरावीक भागात राहावयास न गेल्यास ज्यांचे हाल होतील अशी माणसे. या चौकटीत राहून नियम मात्र प्रत्येक कौन्सिल आपले आपण करते. २०११ च्या कायद्याने तर यादीत मुळात कुणाला घ्यावे, हेही ठरविण्याची पुष्कळ मोकळीक कौन्सिलांना दिली. म्हणून एका गावात 'बी' मिळविणाऱ्या कुटुंबाला नदीपलीकडच्या गावात 'सी' मिळू शकते, किंवा 'तुम्ही येथे पुरेशी वर्षे राहिलेला नाही' म्हणून यादीतच जागा मिळत नाही. लंडनमधील हिलिंग्डन कौन्सिलने दहा वर्षांच्या सलग वास्तव्याची अट घातली होती. फिरस्त्या आयरिश जमातीतील एका व्यक्तीने व एका निर्वासिताने तिला आव्हान दिले. ज्याची जमातच फिरस्ती, किंवा ज्याला आपला देश सोडून पळावे लागले, त्याने दहा वर्षांचा दाखला आणावा कोठून? २०१९ साली अपील न्यायालयाने ती अट अशा लोकांबाबत भेदभाव करणारी ठरविली.

'गरज' हा शब्द आपण सहज उच्चारतो. ती मोजावयास बसले म्हणजे त्याची अडचण कळते. एक उदाहरण घेऊ. समजा, एक कुटुंब दोन शयनगृहांच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही. नवरा-बायको, तेरा वर्षांची मुलगी, अकरा वर्षांचा मुलगा आणि नवऱ्याची आई, जिचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. या घरात दाटी आहे की नाही?

कायद्याचे एक जुने माप आहे. ते १९३५ सालापासूनचे, आणि १९८५ च्या कायद्यातही तेच ठेवले गेले. त्या मापात बैठकीची खोलीदेखील झोपण्याची खोली म्हणून धरतात. दोन खोल्यांत तीन माणसे, तीन खोल्यांत पाच, असे कोष्टक आहे. एक वर्षाखालचे मूल मोजावयाचेच नाही. एक ते दहा वर्षांच्या आतले मूल अर्धे माणूस धरावयाचे. (तान्ह्या मुलाला जागा किती लागते हे ज्या आईने पाळणा कोठे ठेवावा याची विवंचना केली आहे तिला विचारावे, पण ते असो.) आपल्या कुटुंबात माणसे पाच, खोल्या बैठकीसह तीन. आजी आणि नात एका खोलीत, नवरा-बायको दुसरीत, मुलगा बैठकीत. खोल्या अगदीच लहान नसतील तर या मापाने घरात दाटी नाही.

दुसरे माप शयनगृहांचे. सरकारने २०१२ साली कौन्सिलांना जे मार्गदर्शन केले त्यात किमान हे माप स्वीकारावे अशी शिफारस आहे. त्यानुसार दांपत्याला एक शयनगृह, एकवीस वर्षांवरील प्रत्येक प्रौढाला एक, दहा ते वीस वर्षांच्या समलिंगी मुलांच्या जोडीला एक, दहा वर्षांखालच्या कोणत्याही दोन मुलांना एक. या हिशेबाने दांपत्याचे एक, आजीचे एक, मुलीचे एक, मुलाचे एक, अशी चार हवीत. आहेत दोन. तेच घर, तीच पाच माणसे. एका कोष्टकाने सर्व ठीक, दुसऱ्याने दोन खोल्या कमी. पत्रातील अक्षर 'बी' की 'सी', हे अधिकाऱ्याने कोणते कोष्टक उघडले, आजीचे नाव अर्जात 'कुटुंबातील व्यक्ती' म्हणून धरले की 'पाहुणी' म्हणून, आणि मुलाची जन्मतारीख कागदावर कोणती लागली, यावर अवलंबून राहते.

आजीच्या गुडघ्यांची गोष्ट तर याहून नाजूक. वैद्यकीय कारणाचा विचार करताना अनेक कौन्सिले एखाद्या सल्लागार डॉक्टरचे मत घेतात. तो डॉक्टर कागद वाचतो. आजीला जिना चढताना पाहत नाही. बर्मिंगहॅमच्या एका बेघर कुटुंबाच्या प्रकरणात २००७ साली अपील न्यायालयाने कौन्सिलला बजावले, की रुग्णाला प्रत्यक्ष न तपासलेल्या सल्लागाराचे मत, तपासलेल्या डॉक्टरच्या मताच्या तुलनेत तोलताना सावध राहिले पाहिजे. आजी दिवसातून किती वेळा खाली उतरते, हा प्रश्न फॉर्मवर नसतो. ती उतरतच नाही, हे त्याचे उत्तर असते, आणि तेच कुणी लिहीत नाही.

एवढ्यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. कौन्सिलने 'सगळ्यांचे कागद पाहिले आहेत' हे खरे, पण कागद म्हणजे माणसे नव्हेत. पत्रातील अक्षर हा कुटुंबाच्या स्थितीविषयीचा एक निष्कर्ष आहे आणि तो अपुऱ्या माहितीवर काढलेला असू शकतो. तेव्हा फेरविचार मागणारा दोनपैकी कोणती गोष्ट मागतो आहे हे आधी पाहावे. 'माझे सत्य नीट पाहा', ही एक मागणी. 'मला इतरांहून वेगळी वागणूक द्या', ही दुसरी. पहिलीत शेजाऱ्याच्या ताटाला हात लागत नाही. नियमाप्रमाणे ती जागा जर माझीच होती, तर चुकीच्या अक्षरामुळे ज्याला ती मिळणार होती त्याच्याकडून मी काही हिरावून घेतले असे म्हणता येत नाही. चूक दुरुस्त झाली एवढेच. दुसरी मागणी मात्र अन्यायाची आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा'मध्ये या फरकाचे विवेचन केले आहे. शिक्षकाचे पद एखाद्याला त्याच्या विद्वत्तेमुळे दिले तर ते योग्य कारणावरून दिले. तो अमुक नावाचा मनुष्य आहे म्हणून दिले तर तो पक्षपात, आणि पक्षपात हे वाटपाच्या न्यायाविरुद्धचे पाप. हीच कसोटी अर्जदारालाही लावावी. 'आजीला दोन पायऱ्या चढवत नाहीत' हे कारण आहे. 'आमच्या ओळखीचे अमुक साहेब तेथे आहेत' हे कारण नाही.

परंतु एवढ्याने पेच पुरता सुटतो असे मी म्हणणार नाही. कारण 'नियमाप्रमाणे जागा कोणाची' हेच वादग्रस्त असते. रांग कोणत्या तत्त्वाने लावावी? जो आधी आला त्याला आधी, की ज्याची गरज मोठी त्याला आधी, की जो 'इथला' आहे त्याला आधी? या प्रश्नावर पूर्व लंडनमध्ये अनेक वर्षे मने कलुषित झाली. बेथनल ग्रीन हा गोदीकामगारांचा आणि कारागिरांचा भाग. मायकेल यंग व पीटर विल्मॉट यांनी १९५७ साली त्यावर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आई-मुलींची घरे एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर असण्याचे केवढे महत्त्व आहे ते दाखविले होते. आपल्या वाड्यांत राहिलेल्या वाचकाला ते वर्णन ओळखीचे वाटेल. भाडेकरूच्या मुलामुलीला त्याच भागात घर मिळावे, अशी तेथे रीत होती. पुढे १९७७ साली बेघरांसंबंधीचा कायदा झाला आणि गरजेचे पारडे जड झाले. त्याआधी बेघर कुटुंबातील नवऱ्याला वेगळे काढून मायलेकरांना आश्रयगृहात ठेवण्याची आणि कधी मुलांना सरकारी देखभालीत नेण्याची पद्धत होती. १९६६ साली बीबीसीने दाखविलेल्या 'कॅथी कम होम' या नाट्यपटाने ती देशासमोर आणली होती. त्याच वर्षी 'शेल्टर' ही संस्था निघाली. ती स्थापन करणाऱ्या पाच संस्थांपैकी एक, १९५६ सालची कॅथलिक हाउसिंग एड सोसायटी होती, हे येथे नमूद करावयास हरकत नसावी.

गरज हे तत्त्व स्वीकारले गेले, आणि त्याच सुमारास बेथनल ग्रीनच्या परिसरात बांगलादेशातून आलेली मोठी, गरीब कुटुंबे राहावयास आली. ज्यांनी युद्धात बॉम्ब सोसले, ज्यांचे आजोबा-पणजोबा त्याच गल्लीत वाढले, त्यांना वाटू लागले की आपल्या मुलांच्या वाट्याची घरे काल आलेल्यांना मिळाली. २००६ साली जेफ डेंच, केट गॅव्हरन व (तोवर दिवंगत झालेले) यंग यांच्या नावाने जे दुसरे पुस्तक आले, त्यात हा रोष सविस्तर नोंदला आहे. त्या पुस्तकावर टीकाही झाली. त्यातील सर्व निष्कर्ष मलाही पटत नाहीत. पण वाट पाहणे हीदेखील एक प्रकारची किंमत आहे आणि ती भरलेल्या माणसाला 'तुझी गरज कमी' एवढेच सांगून भागत नाही, ही गोष्ट तेथे प्रामाणिकपणे मांडलेली आहे. दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. पूर्व लंडनच्याच हॅकनी भागात वंशविषयक समतेसाठी नेमलेल्या आयोगाने चौकशी केली. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात आढळले, की कृष्णवर्णीय अर्जदारांना मिळणारी घरे इतरांना मिळणाऱ्यांहून निकृष्ट होती. त्यातील एकाही अर्जदाराला केवळ आपले पत्र पाहून हे कळले नसते. नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा ते उघड झाले.

न्यायालयांनीही हा पेच पूर्णपणे सोडविलेला नाही. न्यूहॅम कौन्सिलच्या योजनेत वाजवी प्राधान्य असलेल्या बहुतेक कुटुंबांना एकाच गटात घालून त्यांच्यात प्रतीक्षेच्या काळावरून क्रम लावला जाई. गरज दुप्पट असली तरी क्रम तोच. दाटीत राहणाऱ्या एका कुटुंबाने याला आव्हान दिले. खालच्या न्यायालयांत ते जिंकले. २००९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल फिरविला. एका घरच्या दुःखाची दुसऱ्या घरच्या दुःखाशी तुलना करणे कठीण आहे, प्रतीक्षेचा काळ निदान स्पष्ट व तपासता येण्यासारखा आहे, आणि जे असंख्य अर्जदार न्यायालयासमोर हजर नाहीत त्यांचे हक्क समोर असलेल्या थोड्यांच्या हक्कांशी तोलून सारी योजना पुन्हा लिहिणे न्यायाधीशांना शक्य नाही, असा त्या निवाड्याचा आशय. आपल्या सालस माणसाचा आक्षेपच येथे न्यायपीठावरून उच्चारला गेला, असे म्हणता येईल. पण त्यातील मर्यादा पाहावी. न्यायाधीश म्हणाले की आम्ही योजना लिहिणार नाही. योजना प्रामाणिकपणे लागू झाली की नाही, हे विचारण्याचा अर्जदाराचा हक्क त्यांनी काढून घेतला नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रात म्हाडाची सोडत असते. उत्पन्नगट व आरक्षणाच्या चौकटीत अर्ज भरावयाचा, अनामत ठेवावयाची आणि संगणकाने नावे काढावयाची. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी २०१२ साली घरे निघाली तीही सोडतीनेच. सोडतीत नाव न आलेला मनुष्य हळहळतो, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करतो; पण 'माझे नाव का नाही?' असे पत्र तो कोणाला लिहीत नाही. लिहावे तरी काय? नशीब कारणे देत नाही. जॉन ब्रूम या तत्त्वचिंतकाने १९९० च्या सुमारास मांडले होते, की अनेकांचे दावे सारख्याच बळाचे असतील आणि वस्तू वाटून देता येत नसेल, तर चिठ्ठ्या टाकणे हा प्रत्येकाच्या दाव्याचा मान राखण्याचा एक मार्ग आहे. मला ते पटते, पण दावे खरोखर समान असतील तेव्हाच. तिसऱ्या मजल्यावरची आजी आणि तळमजल्यावरचा धडधाकट ब्रह्मचारी यांच्यात चिठ्ठी टाकणे म्हणजे विचार करण्याचे कष्ट वाचविणे होय.

इंग्लंडच्या पद्धतीने हे कष्ट अंगावर घेतले आहेत. ती म्हणते, आम्ही गरज पाहून क्रम लावू. एकदा असे म्हटले की ती कारणे देण्यास बांधली जाते. जो निवाडा करतो त्याने तो समजावून सांगितला पाहिजे, आणि जेथे समजावून सांगणे आहे तेथे 'हे मला पटत नाही, पुन्हा पाहा' असे म्हणणे हा उद्धटपणा ठरत नाही. उलट कोणीच हरकत घेतली नाही, तर चुकीचे कोष्टक उघडणारा अधिकारी आयुष्यभर तेच कोष्टक उघडत राहील, आणि त्याची झळ पुढच्या अर्जदारालाही लागेल. ज्या अदृश्य शेजाऱ्याच्या काळजीने सालस माणूस गप्प बसतो, त्याच शेजाऱ्याला त्या मौनाचा तोटा होण्याचा संभव आहे.

यावर एक उत्तर येते, आणि मला ते सर्वांत अवघड वाटते. हरकत घेणारे कोण असतात? ज्यांना इंग्रजी लिहिता येते, ज्यांचा डॉक्टर मोठे पत्र देतो, ज्यांचा पुतण्या कायदा शिकतो आहे. ज्याला यापैकी काहीच नाही तो 'डी'मध्ये पडून राहतो, आणि बोलके लोक एकेक करून त्याच्या पुढे निघून जातात. प्रत्येकाची मागणी सुटी पाहिली तर खरी. सगळ्या मिळून परिणाम मात्र अन्यायाचा. योहानाच्या शुभवर्तमानातील बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे आजारी असलेला मनुष्य आठवावा. पाणी हालले की जो पहिला उतरेल तो बरा होई, आणि प्रत्येक वेळी दुसराच कोणी त्याच्या आधी उतरे. तो येशूला जे सांगतो त्यात पुढे गेलेल्यांविषयी राग नाही. मला पाण्यात सोडावयास माझे कोणी नाही, एवढीच त्याची तक्रार आहे.

या आक्षेपाने बोलक्या माणसाची हरकत खोटी ठरत नाही; तिच्यासोबत एक जबाबदारी येते. पहिली म्हणजे जितके खरे तितकेच लिहावे. आजीला चालता येत नाही असे लिहून तिला रविवारी मिस्साला चालत नेणाऱ्या कुटुंबाने केवळ कौन्सिललाच फसविले असे नाही. दुसऱ्या कुणाच्या खऱ्या आजीविषयी अधिकाऱ्याच्या मनात संशय पेरला. हल्ली दर अर्जाला जोडलेल्या वैद्यकीय पत्रांकडे अधिकारी संशयाने पाहतात अशी तक्रार असते. त्या संशयाला खाद्य घालणारे आपल्यातलेच असतात. दुसरी गोष्ट, आपल्या अर्जात दुसऱ्याची निंदा करू नये. 'वरच्या मजल्यावरच्यांना आमच्यानंतर येऊन घर मिळाले, आणि त्यांना तर...' असे वाक्य हरकतीच्या पत्रात आले की त्या पत्राची जात बदलते. वरच्या मजल्यावरच्यांच्या फाइलीत काय आहे हे आपल्याला ठाऊक नसते. कदाचित तेथे एखादे असे दुःख असेल की जे त्यांनी जिन्यात कुणाला सांगितलेले नाही.

अधिकाऱ्याविषयीही दोन शब्द लिहावेत. तो बहुधा दुष्ट नसतो. त्याच्या टेबलावर शेकडो फाइली असतात, आणि प्रत्येकीत कुणीतरी रडलेले असते. घरे त्याच्या हातात नसतात, केवळ क्रम असतो. दिवसाकाठी वीस जणांना 'नाही' म्हणावे लागणाऱ्या माणसाला दगड होण्याचा मोह होणारच. म्हणूनच फेरविचार दुसऱ्या, शक्यतो वरिष्ठ अधिकाऱ्याने करणे श्रेयस्कर. स्वतःच्या निर्णयाकडे परक्याच्या नजरेने पाहणे कुणालाच साधत नाही. पण ज्या पत्रात 'आपली परिस्थिती विचारात घेतली आहे' एवढेच छापील वाक्य असते आणि कोणती परिस्थिती, कशी विचारात घेतली, याचा पत्ता नसतो, ते पत्र लिहिणाऱ्याला मी माफ करू शकत नाही. ज्याच्या वर्षांचा निर्णय होतो आहे त्याला निदान कारण मिळाले पाहिजे.

आणि एवढे सर्व करूनही नकारच आला तर? येथे मला सालस माणसाशी पुन्हा हातमिळवणी करावीशी वाटते. फेरविचार प्रामाणिकपणे झाला, कारणे समजली, आजीचे गुडघे लक्षात घेतले गेले आणि तरीही 'सी'च राहिला, तर ते मानून घेण्यात कमीपणा नाही. पुढेही मार्ग असतात. दिरंगाई वा हलगर्जीपणाबद्दल स्थानिक शासनाच्या लोकपालाकडे जाता येते. निर्णय बेकायदा असेल तर तीन महिन्यांच्या आत न्यायालयात जाता येते, तेही जितके लवकर तितके बरे. पण तीन पायऱ्या आहेत म्हणून तिन्ही चढल्याच पाहिजेत असे नाही. केवळ दुखावलेल्या अभिमानापोटी चालविलेला वाद घरातील माणसांना घराच्या दाटीहून अधिक थकवितो.

ज्यांची मुले, भाऊ, भाचे तिकडे आहेत अशा वाचकांनी त्यांना दूरध्वनीवर एवढे विचारावे: पत्र आले तेव्हा ते कुणी वाचले? कारण फेरविचाराची मुदत पुष्कळ कौन्सिलांच्या नियमांत २१ दिवसांची असते, आणि ते दिवस पत्राला काय उत्तर द्यावे याचा विचार करण्यात जात नाहीत. ते पत्र फ्रिजवर चुंबकाखाली लटकत राहते, दोघेही वेअरहाउसच्या रात्रपाळीला असतात आणि मुलीला 'वाजवी प्राधान्य' या शब्दांचा अर्थ लावता येत नाही. स्विंडनच्या किंवा साउथॉलच्या चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर चहाला थांबणाऱ्यांत इंग्रजीत पत्र लिहिणारा एक तरी असतोच. त्याने कप खाली ठेवून असे एक पत्र मागून घ्यावे, आजीचे नाव अर्जात घातले आहे काय ते आधी पाहावे, आणि मुलांच्या जन्मतारखा तपासाव्यात.